शालेय समुपदेशनात नव्याने येणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये पंचवटीतल्या शाळेत काम मिळो वा सातपूरच्या, आठवीचा वर्ग पाहून ‘मुली समंजस, मुलगे उनाड’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. मुली सरासरीने एक ते दोन वर्षे आधी वयात येतात आणि त्यांच्या मेंदूतील करड्या द्रव्याचे (चेतापेशी दाटीने असलेल्या भागाचे) प्रमाणही थोडे आधी शिखर गाठते. म्हणून एकाच इयत्तेतील मुलामुलींची तुलना करताना आपण बहुधा विकासाच्या दोन वेगळ्या टप्प्यांची तुलना करत असतो. भावनिक धोका चटकन टिपणाऱ्या अमिग्डाला या मेंदूतील भागाला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र दोघांमध्येही पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो.

सरासरीवरून समोरच्या मुलाविषयी काहीच ठरत नाही, हे पालकसभेत वारंवार सांगावे लागेल. वयात आल्यानंतर नैराश्य मुलींमध्ये जवळपास दुप्पट आढळते हे खरे. परंतु त्यामागे संप्रेरकांइतकाच घरातील धाक आणि छेडछाडही असू शकते. उलट, ‘मुलगा असून रडतोस?’ हे ऐकत वाढलेल्याचे दुःख अनेकदा चिडचिडीच्या रूपाने येते आणि शिक्षक त्याची नोंद बेशिस्त म्हणून करतात. अशा नोंदी आल्या, की शिक्षेची चर्चा होण्याआधी त्या मुलाची झोप, भूक आणि मित्रांशी असलेला संपर्क यांची चौकशी करा.