घरी येतं, पेपरात विसरते: अभ्यास कमी की चिंता?

तुम्ही विचारलंय, दहावीतली मुलगी घरी गणितं सटासट सोडवते, पण सराव परीक्षेत हातपाय गार पडतात आणि काहीच आठवत नाही. हा आळस नाही, ही चिंता आहे.

मनात आकडे धरून ठेवायला जी वर्किंग मेमरी लागते, तिची जागा मुळातच थोडी असते. 'नापास झाले तर?' हा विचार तीच जागा खातो. म्हणून पाठांतरापेक्षा अनेक पायऱ्यांच्या गणितात फटका जास्त बसतो. थोडा ताण मदतच करतो, हे यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी 1908 मध्येच (उंदरांवरच्या प्रयोगातून) सुचवलं होतं; अति झाला की कामगिरी घसरते. मग कमी गुण, त्यातून आणखी धास्ती, रात्रीची झोप गेली की आणखी विसरणं.

कोथरूडला शिकवण्या घेताना मी हे दरवर्षी पाहते. सदाशिव पेठेतला आणखी एक क्लास लावून हे सुटत नाही, उलट झोपेचा तास जातो. त्यापेक्षा घरी घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवून घ्या, म्हणजे परीक्षेचं वातावरण अंगवळणी पडेल. पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवल्याने घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारल्याचं 2011 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. करून बघायला काहीच हरकत नाही.

आणि कृपा करून शेजारच्या मुलाचे टक्के तिच्यासमोर काढू नका.

पोटदुखी, शाळा टाळणं, रडणं आठवडेच्या आठवडे चाललं तर समुपदेशकाकडे न्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. 'जगून काय करू' असं काही बोलली, तर त्याच दिवशी.