जाळ, जाळी की जाळं?

विचारणा अशी : कोल्हापूर भागातल्या गुऱ्हाळांवर मराठीत प्रबंध चाललाय. मुलाखतींतले मुद्दे चौकटींत मांडून, रेघांनी जोडून संगणकावर आकृती काढली आहे. या 'नेटवर्क डायग्राम'ला मराठीत काय म्हणावं? मार्गदर्शक 'जालाकृती' म्हणतात. आणि 'नोड', 'कोड', 'लिंक' यांचं काय करायचं?

'जालाकृती' चूक नाही. आंतरजालामुळे 'जाल' रुळलाही आहे, पण समासातच. सुटा छापलात तर वाचक आधी 'तुम्ही कधी जाल?' असंच वाचणार. माझं मत साध्या 'जाळं'ला. 'जाळी' नको, ती खिडकीची नाहीतर करवंदांची.

तुमच्या विषयात मात्र एक अडचण आहे. गुऱ्हाळ म्हटलं की चुलवाण आलं, आणि चुलवाणात जाळ. जाळं–जाळ्याचं, जाळ–जाळाचं : फरक एका 'य'चा. मुद्रितशोधनात तो निसटला आणि 'जाळाची आकृती' छापली गेली, तर गुळव्या म्हणेल, माझ्या काहिलीखालचं चित्र काढलं वाटतं!

'नातेजाळं' हा शब्दही टाळा. मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञाने 1934 साली माणसांमधल्या संबंधांच्या आकृत्या छापल्या, त्यात ठिपके म्हणजे माणसं होती : कुणाला कुणासोबत राहायला आवडेल, हे रेघांनी दाखवलेलं. तुमच्या चौकटींत मुद्दे आहेत, आणि 'नातं' म्हटलं की आपल्याकडे आधी चुलता आठवतो.

नोड, म्हणजे तुमची एकेक चौकट, ही गाठ. जाळ्याला गाठी असतातच. लिंकला, म्हणजे जोडणाऱ्या रेघेला, दुवा. 'कोड' तेवढा जपून वापरा. 'कोड असलेल्या मुलाखती' हे वाक्य मी स्वतः वाचलंय, आणि क्षणभर वाटलं त्वचारोगाचा अभ्यास आहे. उताऱ्याला आपण खूण करतो, तेव्हा 'खूण' म्हणा : 'उचल' (मजुराने आगाऊ घेतलेले पैसे) ही एक खूण, 'जळण' ही दुसरी. मुलाखतींना अशा खुणा करायचं अ‍ॅटलस टीआय हे सॉफ्टवेअर तुम्ही वापरता ना? त्याच्या मूळ जर्मन नावात 'रोजची बोली' या अर्थाचा शब्द दडलाय, म्हणजे बोलीतले शब्द तिथे परके नाहीत.

खरी गंमत दुव्यावर काय लिहायचं यात आहे. त्या सॉफ्टवेअरमध्ये 'कारण आहे', 'भाग आहे', 'विरोधात आहे' अशा अर्थाची इंग्रजी लेबलं तयार मिळतात. ती भाषांतरित कशाला करायची? आपली शब्दयोगी अव्ययं आहेत की! दुव्यावर नुसतं 'मुळे' लिहा. 'उचल'कडून 'मजूर टिकणं'कडे बाण गेला की तो सरळ वाचता येतो : उचलीमुळे मजूर टिकतो. 'पैकी'ला मात्र सांभाळा. 'खर्चापैकी जळण' म्हणताना आपण अख्ख्याकडून भागाकडे जातो, तर तिथला 'भाग आहे'चा बाण भागाकडून अख्ख्याकडे जातो. 'पैकी' लिहायचं असेल तर बाण उलटा करा. नुसता संबंध दिसतो पण कारण सांगता येत नाही, तिथे 'शी' हा प्रत्यय लिहा आणि बाण काढून टाका. ही शिस्त पाळली की 'मुळे' लिहिताना हात आपोआप अडखळतो : मुलाखतीत कुणी तसं म्हटलंय, की आपल्यालाच वाटतंय?

आकृतीखाली मी असं लिहीन : 'आकृती 3 : मजूर टिकण्याच्या कारणांचं जाळं'. प्रमाण लेखन हवं असेल तर 'जाळे'. कंसात 'नेटवर्क' एकदाच, पहिल्या आकृतीला.