विज्ञानशंका : २०३९ केईव्हीची नोंद

प्रश्न : जर्मेनियम-७६चे अर्धायुष्य विश्वाच्या वयाहून कितीतरी मोठे. मग त्याचा न्यूट्रिनोविना दुहेरी बीटा क्षय (अणुकेंद्रकातून एकदम दोन इलेक्ट्रॉन निघणे, पण न्यूट्रिनो हे सहजी न सापडणारे कण न निघणे) दिसणार कसा? आणि डिटेक्टर द्रवरूप आर्गॉनमध्ये का बुडवतात? (वाचक, सांगली)

उत्तर : अणू भरपूर घ्यायचे; डिटेक्टरचे स्फटिकच या जर्मेनियमचे असतात. किलोभर जर्मेनियम-७६मध्ये ८वर २४ शून्ये इतके असतात. इटलीत ग्रान सासो डोंगराच्या १४०० मीटर खडकाखाली झालेल्या गेर्डा प्रयोगाने २०२०मध्ये, असा क्षय न दिसल्याने, अर्धायुष्याची खालची मर्यादा दिली : किमान १८वर २५ शून्ये इतकी वर्षे. अणुसंख्येला ०.६९ने गुणून याने भागा. शंभर किलोत वर्षाला फार तर तीन क्षय! तीनही मोजता येतात. डोकेदुखी असते ती तोतयांची, म्हणजे खऱ्या क्षयासारख्या दिसणाऱ्या इतर नोंदींची.

न्यूट्रिनो निघाले नाहीत, तर दोन इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मिळून नेमकी २०३९ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक) भरते. पण केबल-होल्डरमधल्या थोरियमच्या साखळीतला थॅलियम-२०८ हा २६१५ केईव्हीचा गॅमा किरण सोडतो. तो थोडी ऊर्जा टाकून निसटला, की २०३९पाशीच नोंद पडू शकते. गॅमा बहुधा स्फटिकात दोन-तीन ठिकाणी आदळतो, खरा क्षय मिलिमीटरभर जागेत आटोपतो. म्हणून विद्युत्प्रवाहाच्या स्पंदाची कमाल उंची भागिले ऊर्जा हे गुणोत्तर बघतात; कमी आले की नोंद बाद.

आर्गॉन डिटेक्टर थंड ठेवतो, शिवाय निसटलेल्या गॅमाने त्यात ऊर्जा टाकली की चमकतो. त्याच क्षणी चमक दिसली, तर नोंद रद्द. गोची अशी, की हवेतून काढलेल्या आर्गॉनमध्ये किंचित आर्गॉन-४२ असतो. त्यापासून होणारे पोटॅशियम-४२चे धन आयन डिटेक्टरच्या विद्युत्क्षेत्राने ओढले जाऊन पृष्ठभागापाशी जमतात, आणि त्यांचे बीटा (क्षयात निघणारे इलेक्ट्रॉन) ३५०० केईव्हीपर्यंत जातात. तांब्याचे आवरण आयन अडवते, पण चमकही अडवते. म्हणून डिटेक्टरांच्या माळेभोवती पातळ नायलॉनची नळी बसवली. आर्गॉनचा १२८ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश नायलॉनमधून जात नाही. त्यावरचा टेट्राफिनाइल ब्युटाडाईनचा लेप त्याचा निळा प्रकाश करतो, तो जातो. स्वस्त आणि हुशार तोडगा.

प्रश्न : हे जर्मेनियम विमानाने का नेत नाहीत? (वाचक, ठाणे)

उत्तर : उंचावर वैश्विक किरणांतले न्यूट्रॉन फार. ते त्यात जर्मेनियम-६८ (अर्धायुष्य २७१ दिवस) आणि कोबाल्ट-६० (५.३ वर्षे) तयार करतात. म्हणून लोखंडी कवचाच्या कंटेनरमधून, जहाजाने वा रस्त्याने नेतात; काम नसेल तेव्हा जमिनीखाली ठेवतात. शुद्धीकरणात आणि स्फटिक ओढताना कोबाल्ट निघून जातो. जर्मेनियम-६८ मात्र रासायनिकदृष्ट्या जर्मेनियमच, तो तसा निघत नाही. तो वेगळा होतो समृद्धीकरणात (जर्मेनियम-७६चे प्रमाण वाढवताना), म्हणून त्याचा हिशेब ते संपल्या दिवसापासून धरावा लागतो.