शिस्ट तक्त्यात कुठे बसतो?

शेल–स्लेट, वालुकाश्म–क्वार्ट्झाइट, चुनखडक–संगमरवर, ग्रॅनाइट–नाइस, कोळसा–हिरा. मूळ खडक आणि उष्णता-दाबाने त्याचा होणारा रूपांतरित खडक, अशा जोड्यांचा हा तक्ता तुम्ही पाठ केलाय आणि शिस्ट हा रूपांतरित खडक त्यात कुठे बसवायचा, असं विचारलंय. तो त्यात बसणारच नाही. जोड्या पाठ केल्या की वाटतं, खडक एकदा बदलला की संपलं. खरं तर स्लेट हा शेलच्या प्रवासातला फक्त पहिला थांबा आहे.

शेल म्हणजे मुळात चिखल. तो खोल गाडला गेला की दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान वाढत जातं, वरचा भार वाढतो, आणि भूपट्ट एकमेकांवर रेटत असतील तर बाजूनेही दाब येतो. यात खडक वितळत नाही, हे आधी पक्कं करा. वितळून पुन्हा गोठला तर तो अग्निज. घनरूपातच जुनी खनिजं मोडतात आणि त्यांच्याच मालातून नवी घडतात. मातीच्या कणांपासून बारीक अभ्रक तयार होतं आणि त्याच्या चकत्या दाबाशी काटकोन करून एका दिशेने लागतात. म्हणून स्लेटचे सपाट पातळ तक्ते निघतात; शाळेतल्या जुन्या पाट्या त्याच्याच. आणखी तापला की रेशमासारखी झाक असलेला फिलाइट. त्यापुढे तुमचा शिस्ट: यात अभ्रकाचे पत्रे नुसत्या डोळ्यांना दिसतात, नखाने सुटतात. त्याहीपुढे नाइस, ज्यात फिकट आणि गडद खनिजांचे पट्टे वेगळे होतात. त्यामुळे नाइस फक्त ग्रॅनाइटपासूनच होतो, असं लिहू नका, चिखलाचाही होतो.

पोत पाहून नाव देणं ही वर्गीकरणाची पहिली पायरी. मला जास्त मोलाची वाटते ती दुसरी, खनिजांची. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात भूवैज्ञानिक जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्ये दाखवलं की चिखलाच्याच खडकांत ठरावीक खनिजं ठरावीक पट्ट्यांत सापडतात. पुढे इतरांच्या कामातून हा क्रम पूर्ण झाला: क्लोराइट, बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट. पुढचं खनिज दिसलं की खडक जास्त तापला होता, असं समजायचं. फिनलंडचे भूवैज्ञानिक एस्कोला यांनी १९१५ च्या सुमारास हाच विचार सगळ्या प्रकारच्या खडकांना लागू केला. ग्रीनशिस्ट, अँफिबोलाइट, ग्रॅन्युलाइट हे तापमान-दाबानुसारचे गट तिथून आले.

यातलं कायनाइट आपल्या भंडारा जिल्ह्यातही सापडतं. निळसर, लांबट पात्यांसारखे स्फटिक. साध्या पोलादी चाकूने लांबीच्या दिशेने रेघ ओढली तर ओरखडा उठतो, आडवी ओढली तर उठत नाही. एकाच स्फटिकाचा कठीणपणा दिशेप्रमाणे बदलतो. मिळालं तर जरूर करून बघा.

क्वार्ट्झाइट आणि संगमरवराला स्लेट-शिस्टसारखे पदर का नसतात? शुद्ध वालुकाश्मात क्वार्ट्झशिवाय काही नाही, शुद्ध चुनखडकात कॅल्साइटशिवाय काही नाही. अभ्रक व्हायला लागणारा मालच नाही, मग कण नुसते एकमेकांत घट्ट गुंततात. ओळखणं सोपं आहे: सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर संगमरवर फसफसतो, क्वार्ट्झाइट ढिम्म राहतो. जमिनीखालच्या शिलारसाच्या घुसखोरीमुळे नुसते भाजून निघालेले हॉर्नफेल्स खडकही बिनपदराचेच, कारण तिथे उष्णता असते, पण एकाच बाजूचा रेटा नसतो.

आता कोळसा–हिरा. ही जोडी कृपा करून खोडून टाका. कोळसा तापत-दाबत गेला की अँथ्रासाइट आणि शेवटी ग्रॅफाइट होतो. हिरे तयार होतात सुमारे दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल, प्रावरणातल्या (भूकवचाखालच्या थरातल्या) कार्बनपासून, आणि बहुतेक हिरे जमिनीवर झाडं उगवण्याच्या कितीतरी आधीचे आहेत. झाडंच नव्हती तर कोळसा कुठून येणार?

शेवटी तुमचा उपप्रश्न, सह्याद्रीतला काळा दगड रूपांतरित आहे का? नाही. तो बेसॉल्ट, लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. राज्याचा बहुतेक भाग त्यानेच झाकलाय, म्हणून रूपांतरित खडक पाहायला कडेला जावं लागतं: नागपूर, भंडारा, गडचिरोली, सिंधुदुर्ग आणि पलीकडे गोवा. नागपूरकडे राहत असाल तर मनसर-रामटेकच्या बाजूला जा. तिथल्या मँगनीजच्या पट्ट्यात अभ्रकाचे शिस्ट आहेत, आणि गोंडाइट हा गार्नेट-क्वार्ट्झचा खडकही. मँगनीजमिश्रित गाळ तापून झालेला, त्यामुळे त्यातला गार्नेटही मँगनीजचा.