आधी जुना नकाशा, मग डिटेक्टर

जुनी नाणी शोधायचं मेटल डिटेक्टर मशीन कितीही चांगलं असो, जागा चुकली की दिवस फुकट. जुना नकाशा आजच्या उपग्रह-चित्राशी ताडून बघा: बुजलेल्या पायवाटा, नदी पायी ओलांडायची जागा, जत्रेचं मैदान. माणसं जिथे थांबली, बसली, पैसे मोजले, तिथेच नाणी पडतात. जुन्या मोठ्या झाडाखाली हमखास फिरवा. खिळ्यांचा खच लागला तर वैतागू नका, तिथे बहुधा घर होतं. अशा जागी लहान कॉइल (मशीनच्या टोकाची धातू शोधणारी चकती) लावून अगदी सावकाश चला. समुद्रकिनारी वादळानंतर ओहोटीला जा, लाटांनी वरची वाळू ओढून नेलेली असते. मात्र ओल्या खाऱ्या वाळूत एकाच फ्रिक्वेन्सीवर (लहरींच्या वारंवारितेवर) चालणारं मशीन धातू नसतानाही खोटे आवाज देतं. तिथे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनची संवेदनशीलता, कमी करा. जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या. संरक्षित स्मारकाजवळ मशीन सुरूच करू नका.