स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासाला गावातली ज्येष्ठ माणसं तयार होत नाहीत. पैसे द्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या आसपासच्या गावांत घरोघर नकार मिळतोय, आणि लोकांत जागरूकता नाही. दुसरं वाक्य मला अजिबात मान्य नाही. आजोबा रस्ता चुकतात, जेवलेलं विसरतात, हे घराला तुमच्याआधी कळलेलं असतं. लोक नाही म्हणतात ते तुमच्या संमतीच्या कागदाला.

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा अंगठा कुणी मागितला की पहिल्यांदा सातबारा आठवतो. हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, सगळं अंगठ्यावर झालेलं. त्यात माणूस विसरायला लागला असेल तर भावकीत आधीच कुजबुज असते, की भान नसताना थोरल्यानं काही करून घेतलं का? अशा घरात तुम्ही लांबडा कागद आणि शाईचा पॅड घेऊन जाता, वर आधारची झेरॉक्स मागता. मुलगा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानावर परराज्यात. त्याला न विचारता सुनेनं अंगठा उठवू दिला, तर उद्याचं भांडण तिच्याच गळ्यात. ती दार लावते ते बरोबरच करते.

म्हणून संमतीपत्र साध्या ए-फोर कागदावर, ठळक अक्षरात छापा. पहिलीच ओळ: हा जमिनीचा किंवा घराचा कागद नाही. दुसरी: हे उपचार नाहीत, अभ्यास आहे. अभ्यासाला आधार लागत नसेल तर मागूच नका. पहिल्या फेरीत सही घ्यायचीच नाही. वाचून दाखवा, प्रत घरात ठेवा, दोन-तीन दिवसांनी मुलाला व्हिडिओ कॉलवर घेऊन पुन्हा बसा. वाचता न येणाऱ्यासाठी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निःपक्ष साक्षीदार लागतो. तो तुमच्या टीममधला नको आणि भावकीतला तर नकोच. गावातले निवृत्त गुरुजी चालतील. आशाताई ओळख करून द्यायला हव्यात, साक्षीला नकोत. रोज दारात येणाऱ्या बाईला नाही म्हणणं लोकांना जड जातं.

आणि आजोबांच्या वतीनं मुलाची सही झाली की काम झालं, असं मानणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. सुई बघून आजोबांनी हात मागे घेतला, तर तो नकार आहे. तिथंच थांबायचं. "त्यांना काय कळतंय" म्हणणाऱ्यानं या कामात पडू नये.

रक्ताची अफवा लवकर पसरते. रिकामी नळी हातात द्या आणि सांगा, ५ मिली म्हणजे चहाचा एक चमचा. नमुना कुठल्या शहरात जाणार तेही सांगा. बी-१२ आणि थायरॉइड तपासत असाल तर रिपोर्ट पंधरा दिवसांत स्वतः नेऊन द्या, कारण त्यांच्या कमतरतेनं आलेलं विसरणं उपचारानं सुधारू शकतं. रक्त नेऊन परत न फिरकणाऱ्यांनी पुढच्या प्रत्येक अभ्यासाची वाट बंद केली आहे.

स्मरणशक्तीच्या चाचणीबद्दल थोडक्यात. शाळा न पाहिलेल्या आजीला पंचकोन काढायला लावलात तर ती अपमान समजून उठेल. निरक्षरांसाठी हिंदीत हरियाणातल्या बल्लभगडला १९९० च्या दशकात बेतलेली चाचणी आहे. तिच्यात नेहमीच्या चाचणीसारखं शंभरातून सात नव्हे, विसातून तीन वजा करायला सांगतात. मराठीत आणताना तारखेच्या जागी तिथी किंवा बाजाराचा वार घ्यावासा वाटेल. घ्या, पण आधी निरोगी ज्येष्ठांवर पडताळून. वेळ सकाळी नऊ ते अकरा, संध्याकाळकडे गोंधळ वाढतो. चष्मा डोळ्यावर आहे ना आणि ऐकू येतंय ना, हे आधी बघा. नाहीतर बहिरेपणा विसरण्यात मोजला जाईल. माहिती सांगायला सोबत राहणारं माणूस हवं, म्हणजे बहुतेक सूनच. तिला द्राक्षाच्या छाटणीत किंवा ऊसतोडीत गाठू नका.

पैशाचं: बुडालेली हजेरी आणि गाडीभाडं जरूर द्या, रक्कम नैतिकता समितीकडून मंजूर करून. पण दुसऱ्याच्या वतीनं सही करणाऱ्या नातेवाइकाला प्रवास आणि किरकोळ खर्चापलीकडे एक रुपया नको, नाहीतर भावकीचा संशय तुम्हीच खरा केलात.

हे सगळं पाहणीसारख्या अभ्यासापुरतं. औषधाची चाचणी असेल तर नवीन औषधं आणि क्लिनिकल चाचण्यांचे २०१९ चे नियम लागतात, त्यात इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे. औषधाच्या चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांकही घरात ठेवायच्या प्रतीवर छापा.