डेटा एन्ट्रीचं काम जाणार, मग मुलीचं काय?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स) झाली असून मिरजेच्या एका खासगी रुग्णालयात डेटा एन्ट्री करते. तिथे नवी ईएचआर (पेशंटच्या नोंदी संगणकावर ठेवणारी) प्रणाली बसवताहेत. जुने केसपेपर आणि आधीच्या सॉफ्टवेअरमधली माहिती नव्यात भरायचं काम तिच्याकडे आहे. कंपनीचा माणूस म्हणाला, पुढे हे सगळं ऑटोमेशनने होईल, माणसं लागणार नाहीत. तिला बँकेच्या परीक्षांना बसवू, की पुण्यातला ‘हेल्थकेअर आयटी’चा लाखभराचा कोर्स लावू?
– एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : तो माणूस अर्धं खरं बोलला. एका स्क्रीनवर वाचून दुसऱ्या स्क्रीनवर टाइप करायचं काम जाणार, आणि जायलाच हवं. त्याच्या भरवशावर राहू नका. ‘माणसं लागणार नाहीत’ हे मात्र विक्रीचं बोलणं.

एकाच पेशंटच्या किती नोंदी सापडतात, हे मुलीला विचारून पाहा. कुठे ‘सुनीता पाटील’, कुठे ‘सुनिता आर. पाटील’, कुठे माहेरचं आडनाव; मोबाइल नंबर मुलाचा, आणि जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावून दिलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे. आता ‘नाव आणि तारीख जुळली की नोंदी एक कर’ एवढंच सांगून प्रोग्रॅम सोडला, तर दोन वेगळ्या बायकांची एकच फाइल होईल. एकीची पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी दुसरीच्या माथी बसेल, एकीचा रक्तगट दुसरीच्या नावावर दिसेल. म्हणून जाणकार लोक नाव, वय, फोन, गाव अशा प्रत्येक गोष्टीला गुण देतात. भरपूर गुण पडले तर नोंदी आपोआप एकत्र होतात, अगदी कमी पडले तर वेगळ्या राहतात, मधल्या सगळ्या माणसासमोर येतात. या रेषा कुठे आखायच्या, हे मिरजेच्या ओपीडीतली नावं रोज पाहणाऱ्याला जास्त कळतं. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी ‘आभा’ हा आरोग्य-ओळख क्रमांक पुढे उपयोगी पडेल, पण जुन्या केसपेपरांवर तो कुठून असणार?

लॅबचंही तसंच. एका ठिकाणी क्रिएटिनिन मिलिग्रॅममध्ये १.२ लिहिलेलं, दुसऱ्या ठिकाणी तेच मायक्रोमोलमध्ये १०६. एकक न पाहता आकडा उचलला तर धडधाकट माणूस किडनीचा पेशंट ठरेल. मशिनला हा नियम कुणीतरी सांगावा लागतो, आणि नियम बरोबर चालला का, हे तपासावं लागतं. जुन्या-नव्या नोंदींची बेरीज जुळवणं, प्रत्येक बदलानंतर ठरावीक चाचण्या पुन्हा चालवणं, दोनशे-तीनशे कर्मचाऱ्यांचे लॉगिन त्यांच्या कामाप्रमाणे एका यादीवरून तयार करणं, हे सगळं ऑटोमेशनने झटपट होतं. तुमच्या मुलीने ते वापरणाऱ्यांच्या बाजूला जावं.

त्यासाठी आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, पक्कं करावं. कॉलेजात शिकलेलं असेलच, पण घोळाच्या डेटावर ते वापरणं वेगळं. मग पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, बेताची. मग दोन प्रणाली एकमेकींशी बोलतात ती एचएल७ आणि एफएचआयआर ही मानकं. दुसऱ्याला या क्षेत्रातले लोक ‘फायर’ म्हणतात, आणि आभाची व्यवस्था त्यावरच उभी आहे. निदानासाठी आयसीडी-१०, लॅबसाठी लॉइंक, आणि एकूण वैद्यकीय शब्दांसाठी स्नोमेड सीटी हे कोडही ओळखीचे हवेत. स्नोमेड भारतात फुकट वापरता येतं. या मानकांचं राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेतच आहे आणि केंद्र सरकारची २०१६ ची ईएचआर मानकं कुणालाही वाचता येतात. लाखाचा कोर्स लावण्याआधी एवढं तरी वाचून होऊ द्या.

सरावाला बाह्मनी ही रुग्णालयाच्या नोंदींची मुक्त (ओपन-सोर्स) प्रणाली घ्यावी. तिची सुरुवात छत्तीसगडमधल्या गनियारीच्या रुग्णालयातून झाली, त्यामुळे आपल्याकडच्या दवाखान्याची रीत तिला ठाऊक आहे. पेशंटचा खरा डेटा मात्र पेनड्राइव्हवर घरी आणायचा नाही, शिकण्यासाठीसुद्धा नाही. पेशंटशी प्रामाणिक राहण्याचा तो भाग आहेच, शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. सिंथिया नावाचं मोफत साधन हवे तेवढे काल्पनिक पेशंट तयार करून देतं.

पगाराचं खोटं सांगत नाही. लहान रुग्णालयात या कामाला फारसे पैसे मिळत नाहीत. ते मिळतात प्रणाली बनवणाऱ्या आणि बसवणाऱ्या कंपन्यांत, आणि परदेशी रुग्णालयांचं काम करणाऱ्या पुणे-बंगळूरच्या टीममध्ये. तिथे ‘वॉर्ड पाहिलेली आणि कोड लिहिणारी’ अशी मुलगी सहज सापडत नाही. म्हणून नोकरी लगेच सोडायला लावू नका. प्रणाली सुरू होते त्या आठवड्यात रात्रपाळीच्या सिस्टरची नेमकी कुठे अडचण होते, हे तिने तिथे उभं राहून पाहावं.

कोर्सवाल्यांना एवढंच विचारा : एफएचआयआर सर्व्हरवर हाताने काम करायला मिळेल का, आणि मागच्या बॅचमधल्या दोघांशी बोलता येईल का? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे बँकेत राहू द्या.

बँकेच्या परीक्षा वाईट नाहीत, पण तिला काय वाटतं, ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. विचारा. आणि रुग्णालयाकडून अनुभवाचा दाखला घेताना त्यावर नुसतं ‘डेटा एन्ट्री ऑपरेटर’ नको. दुबार नोंदींची छाननी आणि डेटा मायग्रेशन (जुन्या प्रणालीतली माहिती नव्यात नेणं) हे काम ती करत असेल, तर ते शब्द लिहून घ्या.